स्टेशन डायरीतला एक शब्द

१९९३ साली मी सातवीत होते आणि आमचे वडील, ज्यांना आम्ही भावंडे अण्णा म्हणतो, एका तालुक्याच्या गावी पोलीस हवालदार होते. मिरवणुकीच्या बंदोबस्तावर असताना गर्दीतून आलेला एक दगड त्यांच्या डाव्या भुवईच्या वर बसला. रात्री साडेदहाच्या सुमारास दोन शिपाई त्यांना धरून पोलीस लाईनीतल्या आमच्या खोलीवर घेऊन आले, तेव्हा सरकारी दवाखान्यात सात टाके घालून झाले होते, डोक्याला पट्टी होती आणि खाकी शर्टाची डावी बाजू खांद्यापासून खिशापर्यंत रक्ताने कडक झाली होती. आईने एक शब्दही न बोलता शर्ट काढून घेतला, मोरीत बादली ओढली आणि ती नळ सोडणार तोच त्या दोघांपैकी एक जण म्हणाला, "वहिनी, शर्ट धुऊ नका. जप्त करायचा आहे."

पुढचे सगळे मी मोरीच्या दारात उभी राहून पाहिले, म्हणून ते तपशिलासकट आठवते. शर्ट रात्रभर दोरीवर वाळत राहिला. सकाळी ठाण्यातून माणूस आला. दोन पंचांसमक्ष शर्टाची घडी खाकी कागदात गुंडाळली गेली, वर दोरा बांधला गेला, गाठीवर लाखेचे थेंब पडले, त्यावर सील उमटले आणि पंचांच्या सह्यांची चिठ्ठी चिकटवली गेली. 'खाकी रंगाचा अर्ध्या बाह्यांचा एक शर्ट, डाव्या खिशावर व खांद्यावर रक्ताचे डाग असलेला' असे पंचनाम्यात लिहिलेले मला अजून पाठ आहे, कारण ते लिहिणाऱ्याने मोठ्याने म्हणत म्हणत लिहिले होते. जखमेचा दाखला तर आदल्या रात्रीच तयार झाला होता. त्यात जखमेची लांबी, रुंदी आणि खोली होती, ती कठीण व बोथट वस्तूने झाल्याचे डॉक्टरांचे मत होते आणि खाली तारीख-वेळेसह सही होती. सरकारतर्फे फिर्याद दाखल झाली आणि त्या वेळच्या भारतीय दंड संहितेतील कलम ३५३ व ३३२ लागले, म्हणजे सरकारी नोकराला कर्तव्यापासून रोखण्यासाठी केलेला हल्ला आणि त्यात केलेली दुखापत. अण्णांच्या कपाळावरच्या त्या जखमेला चोवीस तासांच्या आत सरकारदरबारी पूर्ण अस्तित्व मिळाले होते.

दोन दिवसांनी लाईनीतली पोरे सांगत आली की दगडफेकीत पकडलेल्यांना ठाण्यात चांगले धुतले. मला बरे वाटले. हे मी लपवत नाही, कारण बारा वर्षांच्या मुलीला आपल्या बापाच्या कपाळावरचे टाके दिसत असतात आणि धुतल्या गेलेल्या माणसाचे काहीच दिसत नसते. आपल्या भाषेत मारहाणीला धुणे म्हणतात, आणि आमच्या घरचा शर्ट मात्र धुऊ नका म्हणून सांगितले होते, ही गोष्ट माझ्या लक्षात यायला पुढे पुष्कळ वर्षे जावी लागली.

तो खटला नऊ वर्षे चालला. दोन्ही पंच फिरले. लाखेचे सील फोडून कोर्टात शर्ट बाहेर काढला तेव्हा डाग काळपट तपकिरी पडले होते, असे अण्णांनी घरी येऊन सांगितले. त्यांची साक्ष झाली. दगड कोणी मारला ते दाखवा, असे सरकारी वकिलांनी विचारल्यावर ते म्हणाले, "दगड कोणी मारला ते मी पाहिलेले नाही." सगळे आरोपी निर्दोष सुटले. साहेब त्यांच्यावर बरेच दिवस नाराज होते, लाईनीतले लोकही म्हणाले की हवालदारांनी हातची केस घालवली, पण जे पाहिले नाही ते पाहिले म्हणून सांगायला अण्णा तयार नव्हते. माझ्या वडिलांविषयी माझ्या मनात जो आदर आहे त्याचा मोठा भाग त्या एका वाक्यावर उभा आहे, आणि म्हणूनच यापुढचे लिहिणे मला जड जाते.

दगड लागला त्याच वर्षी, १९९३ साली, दिवाळी होऊन गेल्यावर एका संध्याकाळी एक बाई लाईनीत हवालदारांची खोली विचारत आली. तिचा मुलगा, एकोणीस-वीस वर्षांचा, बाजारात हमाली करणारा, चोरीच्या संशयावरून कोठडीत होता. सकाळी तिला निरोप गेला होता की मुलासाठी धुतलेले कपडे घेऊन ये, उद्या त्याला कोर्टात न्यायचे आहे. तिने आणलेले कपडे आत गेले आणि अंगावरचे बाहेर आले. ते तिने एका प्लास्टिकच्या पिशवीत धरले होते. वरच चौकटीचा निळा शर्ट होता, पाठीच्या बाजूने फाटलेला, आणि त्या फाटलेल्या जागेभोवती जे होते ते मी ओळखले, कारण काही महिन्यांपूर्वी तसेच आमच्या दोरीवर वाळत होते. हा शर्ट कुठे द्यायचा, असे ती विचारत होती. ठाण्यात तिने तो टेबलावर ठेवून पाहिला होता, तर घरी नेऊन धुऊन टाक, म्हणून तिला परत पाठवले होते.

अण्णा बाहेर आले. त्यांनी पिशवीत पाहिले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "उद्या त्याला कोर्टात उभा करतील. न्यायाधीश विचारतील, काही तक्रार आहे का. तेव्हा त्याला सांगू दे. त्याने स्वतः सांगायला पाहिजे." दुसऱ्या दिवशी न्यायाधीशांनी विचारले आणि त्याने तक्रार नाही म्हणून सांगितले. पोलीस कोठडी वाढवून मागितलेली होती, त्याला संध्याकाळी त्याच कोठडीत परत जायचे होते. तो आणखी काय सांगणार होता?

एवढे मला लहानपणीच माहीत होते. उरलेले मला अण्णांनी २०१५ साली, सहाय्यक फौजदार म्हणून निवृत्त झाल्यावर सांगितले, आणि तेही मी विचारले म्हणून. ती बाई आली त्याच्या आदल्या रात्री ठाणे अंमलदार तेच होते. आतल्या खोलीतून येणारे आवाज त्यांनी ऐकले होते. पहाटे स्टेशन डायरीत त्यांनी रोजच्यासारखी नोंद केली होती: लॉकअप तपासला, आरोपी सुस्थितीत. "ती नोंद माझ्या हातची आहे," ते म्हणाले. मी त्यांना विचारले, तुम्ही मारले होते का? ते म्हणाले, "त्या रात्री नाही."

मी कायद्याचे शिक्षण घेतले, पण वकिली केली नाही. गेली सतरा वर्षे मी खालच्या न्यायालयांची मराठी कागदपत्रे वरच्या न्यायालयांसाठी इंग्रजीत आणते. फिर्यादी, पंचनामे, जखमेचे दाखले, रोजनामे हे माझे रोजचे वाचन आहे. त्यात 'सुस्थितीत' हा शब्द इतक्या वेळा येतो की कितीदा येतो ते मोजणे मी सोडून दिले आहे. बहुतेक ठिकाणी तो खराच असेल. पण प्रत्येक वेळी तो ज्याच्या ताब्यात माणूस आहे त्यानेच लिहिलेला असतो, आणि दोन शर्टांमधला सगळा फरक मला त्यात दिसतो. पोलिसाला झालेली जखम लिहून घ्यायला पोलीस असतो. पोलिसाने केलेली जखम लिहून घ्यायलाही पोलीसच असतो.

या देशाच्या कायद्याला हे पहिल्यापासून ठाऊक आहे. १८७२ च्या पुरावा कायद्यातील कलम २५ प्रमाणे पोलिसाजवळ दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही, आणि नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ती तरतूद कायम आहे. ज्या इंग्रजांनी हे पोलीस दल उभे केले त्यांचाच त्याच्या कोठडीतल्या शब्दावर विश्वास नव्हता. कबुलीसाठी केलेल्या मारहाणीला दंड संहितेत कलम ३३० होते आणि सात वर्षांपर्यंतची शिक्षा होती, म्हणजे कागदावर ही शिक्षा अण्णांवर दगड मारणाऱ्याच्या शिक्षेपेक्षा जास्तच होती. अडचण शिक्षेच्या आकड्यात कधीच नव्हती. कोठडीच्या आत फक्त मारणारा, मार खाणारा आणि नोंद करणारा एवढेच असतात, आणि त्यातला तिसरा पहिल्याचा सहकारी असतो.

यावर १९८५ साली कायदा आयोगाने आपल्या ११३ व्या अहवालात एक उपाय सुचवला होता. पुरावा कायद्यात ११४-ब हे नवे कलम घालावे आणि कोठडीत असताना माणसाला जखम झाली असेल तर ती ताबा असलेल्या पोलिसानेच केली असे न्यायालयाला गृहीत धरता यावे, मग तशी ती केली नाही हे त्या पोलिसाने दाखवावे. २०१७ साली आयोगाने २७३ व्या अहवालात हीच शिफारस पुन्हा केली. २०२३ मध्ये पुरावा कायदा बदलून साक्ष्य अधिनियम आला, त्यातही हे कलम नाही. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली, पण त्याला अनुसमर्थन, म्हणजे तो बंधनकारक करणारी अंतिम मान्यता, अजून दिलेले नाही.

११४-ब च्या आधी पुरावा कायद्यात ११४-अ होते, आणि त्याचा उगम आपल्या राज्यातला आहे. १९७२ च्या मार्चमध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याचा आरोप होऊन एका हवालदारावर आणि एका शिपायावर खटला चालला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोघांना दोषी धरले, सर्वोच्च न्यायालयाने दोघांना सोडले, आणि सोडताना मुलीच्या अंगावर जखमांच्या खुणा नव्हत्या या गोष्टीवर भर दिला. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार विधिप्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. देशभर आंदोलन झाले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराच्या खटल्यात संमती नव्हती असे बाईने सांगितले तर न्यायालयाने तसेच गृहीत धरावे, हे ११४-अ ने सांगितले. कोठडीत कोणाचा शब्द जड पडतो हे एका गुन्ह्यापुरते आपण मान्य केले, आणि फाटलेल्या निळ्या शर्टापाशी आल्यावर थांबलो.

काही बदल झाले, हेही सांगितले पाहिजे. पश्चिम बंगालमधील कायदेविषयक मदत देणाऱ्या एका संस्थेचे कार्याध्यक्ष डी. के. बसू यांनी २६ ऑगस्ट १९८६ रोजी कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्यांकडे लक्ष वेधणारे पत्र सरन्यायाधीशांना पाठवले. ते पत्रच याचिका म्हणून दाखल झाले आणि १८ डिसेंबर १९९६ रोजी निकाल लागला. अटक करणाऱ्याच्या छातीवर नाव स्पष्ट दिसावे, अटकेचा कागद साक्षीदारासमोर व्हावा, नातेवाइकाला कळवावे, दर अठ्ठेचाळीस तासांनी वैद्यकीय तपासणी व्हावी, या सूचना आता नवख्या वकिलालाही ठाऊक असतात. मला त्यातली एक फार जवळची वाटते. अटकेच्या वेळी आरोपीने मागणी केल्यास त्याच्या अंगावरच्या लहानमोठ्या जखमा तपासून लिहाव्यात आणि त्या कागदावर आरोपीची आणि पोलीस अधिकाऱ्याची, दोघांचीही सही असावी. अण्णा सांगतात की निकालानंतर ठाण्यात या सूचनांचा फलक लागला तेव्हा जुन्या लोकांनी कुरकुर केली. आपल्यावर अविश्वास दाखवला आहे, असे त्यांना वाटले. अण्णांनाही तसेच वाटले होते. पण आत आला तेव्हा त्याच्या अंगावर काय होते हे लिहिलेले असेल तर खोटा आरोप होणाऱ्या शिपायाचीही सुटका त्याच कागदाने होते, हे त्यांच्या पुढे लक्षात आले. त्यानंतर ठाणे अंमलदार असताना ते तो कागद कधी चुकवत नसत.

१९९३ च्या डिसेंबरमध्ये, म्हणजे ती बाई आमच्या दारात येऊन गेल्यानंतर महिनाभरातच, नव्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने कोठडीतला प्रत्येक मृत्यू आणि बलात्कार चोवीस तासांत आपल्याला कळवावा असा आदेश काढला. मेलेल्या माणसाची नोंद होऊ लागली ती तेव्हापासून. तो हमाल पोरगा जिवंत बाहेर आला, म्हणून तो कुठल्याच आकड्यात नाही. २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात, कोठडीत, व्हरांड्यात, येण्याजाण्याच्या दारांवर कॅमेरे बसवायला आणि त्यांचे चित्रण अठरा महिने, निदान एक वर्ष जपायला सांगितले. कॅमेरा बसला म्हणजे चित्रण मिळतेच असे नाही, हे माझ्यासमोर येणाऱ्या कागदांवरून मला कळते. नेमक्या त्या रात्री यंत्र बंद होते, ही ओळ मी अनेकदा भाषांतरित केली आहे.

या सगळ्यात शिपायाचे स्वतःचे काय लिहिले जाते, हाही प्रश्न मला सोडत नाही. १९५१ च्या मुंबई पोलीस अधिनियमात, ज्याला आता महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणतात, पोलीस सदैव कामावर आहे असे मानावे असे कलम आहे. जो सदैव कामावर असतो त्याचे जादा तास मोजायचे कशापासून? अण्णा सणासुदीत सलग दोन-दोन दिवस घरी येत नसत. आले की बूट काढायच्या आधीच खुर्चीत झोपत, आणि त्यांच्या पायांवरचे मोज्यांचे वळ संध्याकाळपर्यंत जात नसत. गर्दीच्या पुढे काठी आणि वेताची ढाल घेऊन उभे राहणाऱ्या त्या माणसाला गेल्या छत्तीस तासांत किती झोप मिळाली आहे, हे कोणत्याच रजिस्टरात नसते. त्याबद्दल संघटना करून बोलावे, तर १९६६ च्या कायद्याने पोलिसांच्या तशा हक्कावर बंधने आहेत. १८ ऑगस्ट १९८२ रोजी मुंबईच्या पोलिसांचा असंतोष रस्त्यावर आला तेव्हा लष्कर बोलवावे लागले होते. अण्णांना भरती होऊन तेव्हा चार वर्षे झाली होती. आमच्या गावात ठाण्याच्या मागे दबक्या आवाजात त्याच्यावर बोलणे होई आणि साहेबांची जीप दिसली की थांबे, अशी त्यांची आठवण आहे. पुढे २०१६ साली मुंबईत देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला. तो आराखडा एका साध्या शिपायाने मांडला होता. ही बातमी अण्णांनी मला दोनदा वाचून दाखवली. दमलेला माणूस मारतो म्हणून त्याचे मारणे क्षम्य ठरते, असे मी म्हणत नाही. पण पोलिसांची चौकशी करणारा हवा, असे म्हणणाऱ्यांनी झोपलेला, जेवलेला, हिशेबात धरलेला शिपाईही मागितला पाहिजे, आणि पोलिसांच्या बाजूने बोलणाऱ्यांनी कोठडीतल्या कॅमेऱ्याला पाठिंबा दिला पाहिजे. या दोन मागण्या एकाच माणसाच्या तोंडून येताना मी फार कमी वेळा ऐकल्या आहेत.

वाद बहुधा वेगळ्याच वळणावर जातो. शिपायावर हल्ला झाला की मानवी हक्कवाले आता कुठे गेले, असे विचारले जाते. कोठडीत कोणी मेला की मार खाणाऱ्या पोलिसाचे व्हिडिओ पाहून यांना असेच पाहिजे, असे म्हटले जाते. प्रत्येक बाजू आपल्या जखमेचा उपयोग दुसऱ्याची जखम झाकायला करते. २०१९ च्या हैदराबादमध्ये हे दहा दिवसांत घडले. एका तरुण पशुवैद्यक डॉक्टरवर बलात्कार करून तिला ठार मारले गेले. तिच्या घरच्यांची तक्रार वेळेवर घेतली नाही म्हणून तीन पोलीस निलंबित झाले, आणि शादनगर पोलीस ठाण्यासमोर संतापलेल्या लोकांनी पोलिसांच्या दिशेने चपला फेकल्या. ६ डिसेंबरला चारही आरोपी पोलिसांच्या गोळ्यांनी मारले गेले आणि लोकांनी पोलिसांवर फुले उधळली. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या, निवृत्त न्यायमूर्ती वि. श्री. सिरपूरकर यांच्या आयोगाने २०२२ मध्ये निष्कर्ष काढला की आरोपींवर त्यांना ठार मारण्याच्या हेतूनेच गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. चपला आणि फुले फेकणाऱ्या त्या दोन्ही गर्दींना तपास नकोच होता, असे मला वाटते. लाईनीतल्या पोरांनी धुतल्याची बातमी आणली तेव्हा मलाही तो नको होता.

गर्दीच्या हातून पोलीस मरतो तेव्हा काय होते, याचा आपल्या इतिहासातला सर्वांत जड दाखला चौरीचौरा आहे. तिथल्या ठाणेदाराने बाजारात निदर्शने करणाऱ्या स्वयंसेवकांना मारहाण केली होती. त्याचा जाब विचारायला ४ फेब्रुवारी १९२२ रोजी लोक जमले, गोळीबार झाला, माणसे मेली, आणि चिडलेल्या जमावाने पोलीस ठाण्याला आग लावली. आत वीसहून अधिक पोलीस आणि चौकीदार होते, त्यांतले बरेचसे त्याच मुलुखातले गरीब घरचे लोक होते. गांधीजींनी असहकाराचे आंदोलन भर जोरात असताना थांबवले आणि पाच दिवस उपवास केला. त्यांचे जवळचे सहकारीही त्या निर्णयाने दुखावले होते. सत्र न्यायालयाने १७२ जणांना फाशी सुनावली आणि अखेर १९ जण फासावर गेले. मारहाण खरी होती. लोकांचा राग खरा होता. पण जळालेल्या ठाण्याच्या राखेत त्या मूळ मारहाणीचे गाऱ्हाणेही गाडले गेले, कारण त्यानंतर देशभर फक्त आगीबद्दल बोलले गेले. पोलिसावर उचललेला हात अन्यायाची नोंद पुसून टाकतो. मार खाल्लेल्याकडे जे थोडेसे असते, खरे सांगण्याचा हक्क तेवढा, तोच त्याच्या हातून जातो.

अण्णा सहाय्यक फौजदार होते, आणि तुकाराम ओंबळेही त्याच हुद्द्यावर होते. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीत ओंबळ्यांच्या हातात काठी होती. त्यांनी कसाबच्या रायफलीची नळी धरली आणि गोळ्या अंगात शिरत असतानाही ती सोडली नाही, म्हणून कसाब जिवंत सापडला. त्या रात्री सहकारी गमावलेल्या पोलीस दलाने त्याला न्यायालयात उभे केले. त्याला वकील मिळाला, साक्षी झाल्या, सर्वोच्च न्यायालयापर्यंत अपील झाले आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्याला शिक्षेची अंमलबजावणी झाली. एवढी वर्षे त्याला पोसले, असे म्हणणारे लोक मला भेटतात. मला त्यांना सांगावेसे वाटते की ओंबळ्यांनी जीव देऊन जो माणूस जिवंत धरला, त्याच्यावर उघड्या न्यायालयात खटला चालला, आणि म्हणून त्या रात्रीचा एक-एक तास आज पुराव्यासकट लिहिलेला आहे. ज्या दिवशी पोलीस कोठडीत किंवा माळरानावर निकाल लावतात, त्या दिवशी ओंबळ्यांच्या कामाशी त्यांचे नाते तुटते, असे मी मानते.

दर २१ ऑक्टोबरला अण्णा पोलीस स्मृतिदिनाच्या परेडला जातात. १९५९ मध्ये लडाखमधल्या हॉट स्प्रिंग्ज येथे चिनी सैनिकांच्या हल्ल्यात केंद्रीय राखीव पोलीस दलाचे दहा जवान मारले गेले, त्यांच्या स्मरणार्थ हा दिवस पाळतात आणि वर्षभरात देशात कर्तव्यावर मरण पावलेल्या पोलिसांची नावे वाचतात. नावे वाचायला बराच वेळ लागतो. अण्णा संपूर्ण वेळ उभे राहतात, गुडघे दुखत असले तरी. गेल्या वर्षी मी त्यांच्याबरोबर गेले होते. परतताना रिक्षात ते अचानक म्हणाले, "त्या पोराचं नाव मला आठवत नाही." कोणत्या पोराचे, ते मला विचारावे लागले नाही. डायरीत आरोपींची नावे लिहिलेली असतात, नोंद त्यांच्याच हातची होती, तरी आठवत नव्हते. माझी बोटे त्यांच्या मनगटावर होती. त्यांच्या भुवईवरची सात टाक्यांची रेघ आता सुरकुत्यांत जवळजवळ मिसळून गेली आहे.

घरी आल्यावर मी आईला विचारले की त्या संध्याकाळी ती बाई किती वेळ थांबली होती. मला वाटत होते, अण्णांचे बोलणे झाल्यावर ती लगेच निघून गेली. आई म्हणाली, नाही, अण्णा आत आल्यावर ती नळापाशी बसली होती, मी तिला पाणी नेऊन दिले. मग तू तिला काय सांगितलेस, असे मी विचारले.

"मी काय सांगणार?" आई म्हणाली. "एवढंच म्हटलं, बाई, तो शर्ट धुऊ नकोस."